बैठक कुणाची?

"साहेबांनी केबिनमध्ये बोलावलंय," असा निरोप आला की शेजारचा आधी विचारतो, "काय रे, काय केलंस?" पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत आता या बोलावण्याला 'वन-ऑन-वन' म्हणतात आणि कॅलेंडरवर त्यासाठी अर्धा तास राखून ठेवतात. आत घडतं ते बहुधा जुनंच. साहेब लॅपटॉपवर यादी उघडतात. हे कुठवर आलं, ते शुक्रवारी होईल ना? उठता उठता मग, "बाकी सगळं ठीक?"

"हो सर, ठीक."

एवढं तर मेलवरही भागलं असतं.

शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे १९२८ मध्ये कामगारांच्या मुलाखती सुरू झाल्या त्या ठरावीक प्रश्न घेऊन. कामगार मात्र प्रश्न सोडून भलतंच बोलत. त्यांना वळणावर आणता आणता मुलाखत घेणारेच थकले आणि वर्षभरात त्यांनी पद्धतच बदलली. कामगार नेईल तिकडे जायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, उपदेश तर नाहीच. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. १९३० पर्यंत २१ हजारांहून अधिक कामगार बोलले होते. त्यांतल्या एकाचं गाऱ्हाणं होतं, कामाचा दर कमी आहे. ऐकत राहिल्यावर कळलं, बायको आजारी होती आणि डॉक्टरांची बिलं थकली होती. दराच्या तक्त्यात हे कुणाला दिसणार?

इंटेलच्या अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ च्या 'हाय आउटपुट मॅनेजमेंट'मध्ये स्पष्टच लिहिलं, की 'वन-ऑन-वन' बैठक हाताखालच्या माणसाची असते. विषय त्यानं आणायचे, तासभर तरी बसायचं, शक्यतो त्याच्याच जागेवर. बोलणं संपलंसं वाटलं की साहेबानं आणखी एक प्रश्न विचारायचा. पंधरा जणांना एवढा वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप खरा आहे. पण नव्या माणसाला आठवड्याला आणि मुरलेल्याला काही आठवड्यांनी, असा फरक ग्रोव्ह यांनीही केलाच होता.

हॉथॉर्नमधली एक सोय मात्र आपल्या साहेबांकडे नाही. तिथे ऐकणारा कामगाराचा वरिष्ठ नव्हता आणि बोलणं बाहेर जाणार नाही, असा शब्द दिलेला होता. इथे कान देणाऱ्याच्याच हातात अप्रेझलचा फॉर्म असतो. तेव्हा दोन्ही कामं एकाच बैठकीत उरकणाऱ्यानं "मोकळेपणानं बोल" असं कितीही म्हटलं तरी उत्तर ठरलेलंच, "ठीक आहे, सर." मार्चमध्ये तर हमखास.