प्रमाणपत्र उत्पादकाचे, झटका ग्राहकाचा

कायदेशीरपणे विकल्या जाणाऱ्या मोबाईल चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा एक नोंदणी क्रमांक छापलेला असतो. हे चिन्ह पाहून सामान्य ग्राहक निर्धास्त होतो. सरकारने ही वस्तू तपासली आहे, अशी त्याची समजूत होते. ही समजूत अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ती अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागात कोणाचे हितसंबंध दडलेले आहेत हे समजून घेणे अगत्याचे आहे.

३ ऑक्टोबर २०१२ रोजी केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. प्रारंभी त्यात १५ वस्तूंचा समावेश होता आणि प्रत्यक्ष अंमल २०१३ च्या जुलै महिन्यापासून सुरू झाला. पुढे यादी वाढत गेली. या योजनेत उत्पादक आपल्या मालाचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे धाडतो, चाचणीचा अहवाल घेतो, तो अर्जासोबत जोडतो आणि आपला माल मानकानुसार आहे असे स्वतःच घोषित करतो. या घोषणेच्या आधारावर नोंदणी मिळते. नमुना कोणता पाठवायचा हे उत्पादकच ठरवतो, प्रयोगशाळा तोच निवडतो आणि तिचे शुल्कही तोच भरतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांच्या यादीत खाजगी प्रयोगशाळांचाच भरणा अधिक आहे. नंतर बाजारातून नमुने उचलून तपासण्याची तरतूद आहे खरी. तथापि दर दिवशी विकल्या जाणाऱ्या मालाच्या राशीपुढे ती किती पुरी पडणार?

येथे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तंत्रज्ञांच्या सचोटीवर संशय घेण्याचा हेतू नाही. प्रश्न व्यक्तींचा नाही, रचनेचा आहे. ज्याच्या मालाची परीक्षा व्हायची त्यानेच परीक्षक निवडावा आणि त्याचे मानधनही द्यावे, ही पद्धत शाळेच्या परीक्षेत कोणी चालवून घेणार नाही.

यातून काय घडू शकते हे एका क्षुल्लक दिसणाऱ्या भागावरून स्पष्ट होईल. चार्जरमध्ये मुख्य विजेची बाजू आणि मोबाईलकडे जाणारी कमी दाबाची बाजू या दोन्ही एकमेकींपासून विद्युतदृष्ट्या पूर्णपणे अलग असाव्या लागतात. या दोन बाजूंमधला अडसर मजबूत आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी चाचणीत त्यावर सुमारे तीन हजार व्होल्टचा दाब दिला जातो. परंतु आतील स्विचिंगमुळे निर्माण होणारा उच्च कंपनसंख्येचा गोंगाट दाबण्यासाठी याच अडसरावरून एक छोटा कपॅसिटर जोडण्याची पद्धत आहे. हा कपॅसिटर ‘वाय’ वर्गाचा असावा लागतो. म्हणजे तो बिघडला तरी आतून जुळून जाणार नाही अशा रीतीने बनवलेला. त्याच्या जागी साधा, काही पैशांनी स्वस्त असा कपॅसिटर बसवला तर चार्जर तितकाच नीट चालतो. वर्ष-दोन वर्षे काही होत नाही. मग एके दिवशी तो कपॅसिटर आतून जुळतो आणि २३० व्होल्टचा दाब थेट मोबाईलपर्यंत, म्हणजे कानाशी मोबाईल धरलेल्या माणसापर्यंत, पोहोचतो. प्रयोगशाळेत गेलेल्या नमुन्यात योग्य कपॅसिटर होता. लाखांच्या संख्येने बनलेल्या मालात तो आहे काय, हे खरेदी विभागाचा हिशेब ठरवतो. जुळणीच्या पट्ट्यावर बसून झाळकाम करणाऱ्या कामगार स्त्रीला यातील काहीच निवडता येत नाही. तिच्या हाती जो भाग येतो तो ती बसवते. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांतील किती अशा सदोष उपकरणांमुळे मरतात याची वेगळी मोजदाद व्हावयास हवी.

वरील उदाहरणात गोंगाट हा शब्द आला. त्याच्याशी चाचणीचे दुसरे, बहुतेकांच्या ध्यानातही न येणारे अंग जोडलेले आहे. तांत्रिक पुस्तकांत त्याला विद्युतचुंबकीय सुसंगतता म्हणतात. हा शब्द उच्चारतानाच वाचक दमतो. ‘शेजारधर्म’ म्हटले असते तर अर्थ चटकन उमगला असता. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरण तारांमधून आणि हवेतून काही प्रमाणात विद्युतचुंबकीय गोंगाट बाहेर टाकते. तो ठराविक मर्यादेच्या आत राहिला पाहिजे, आणि दुसऱ्याचा तितकाच गोंगाट सहन करून स्वतःचे काम बिनचूक चालू ठेवता आले पाहिजे, एवढेच या शास्त्राचे म्हणणे आहे. त्याच्या चाचण्या आतून टोकदार शोषक स्तंभांनी मढवलेल्या धातूच्या बंद खोलीत होतात. उपकरण फिरत्या मेजावर ठेवून तीन किंवा दहा मीटर अंतरावरील अँटेनाने त्याचे उत्सर्जन मोजले जाते. उलट बाजूने त्याच्यावर रेडिओलहरी सोडल्या जातात, आठ हजार व्होल्टच्या ठिणग्या उडवल्या जातात, विजेच्या तारांवर कृत्रिम लाटा आणल्या जातात. त्या मर्यादा ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती १९३४ सालीच स्थापन झाली, ती रेडिओचे श्रवण वाचवण्यासाठी.

२०१२ चा आदेश मात्र सुरक्षेपुरताच होता; शेजारधर्म त्यात नव्हता. वाहनांना आणि दूरसंचार उपकरणांना वेगळ्या नियमांखाली ही चाचणी करावी लागते. दूरसंचार उपकरणांची सक्तीची तपासणी २०१७ च्या नियमांनुसार आली आणि २०१९ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. पण घरोघरीचा स्वस्त दिवा किंवा चार्जर यांचा गोंगाट मोजण्याची सक्ती त्या आदेशात नव्हती. परिणाम कोणाला भोगावा लागतो? खेड्यात आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील केंद्र ऐकणाऱ्या शेतकऱ्याला. शेजारच्या घरात फिल्टर नसलेला दिवा लागला की हवामानाचा अंदाज आणि बाजारभाव खरखरीत बुडून जातात. त्या शेजाऱ्याचा दिवा मात्र उत्तम जळतो, म्हणून त्याला तक्रारीचे कारणच नाही.

मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्यांचे सारे तर्कशास्त्र नेमके येथे कोलमडते. जागरूक ग्राहक निकृष्ट माल नाकारील आणि बाजार आपोआप सुधारेल, असे ते सांगतात. सुरक्षेच्या बाबतीत हे निदान बोलायला तरी बरे वाटते, कारण झटका खरेदीदारालाच बसतो. गोंगाटाच्या बाबतीत माल घेणारा एक आणि नुकसान सोसणारा दुसराच असतो. कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडावे आणि खालच्या गावाने ते प्यावे, त्यातलाच हा प्रकार. फिल्टरचे वाचलेले चार पैसे नफ्यात जमा होतात आणि खर्च समाजाच्या माथी पडतो. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस तान्ह्या बाळांच्या श्वासावर लक्ष ठेवणारी काही यंत्रे रेडिओलहरींच्या प्रभावाखाली श्वास थांबल्याचा इशारा देत नाहीत असे आढळले. पुढे विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्च्या अशाच कारणाने आपोआप हलल्याच्या तक्रारी आल्या. दोन्ही प्रसंगी सरकारी यंत्रणेलाच हस्तक्षेप करावा लागला.

आपल्याकडे घटनांचा क्रम कसा लागला तेही पाहण्यासारखे आहे. इलेक्ट्रॉनिक मालाच्या चाचणीसाठी सार्वजनिक प्रयोगशाळांची साखळी १९८० च्या सुमारास उभी राहू लागली. दिल्ली, कलकत्ता, तिरुवनंतपुरम आणि मुंबईत अंधेरी येथे तिची प्रादेशिक केंद्रे झाली. १९८४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून ‘समीर’ ही सूक्ष्मलहरींच्या संशोधनाची संस्था वेगळी निघाली, आणि पवईच्या या संस्थेने विद्युतचुंबकीय चाचण्यांचे मोलाचे काम केले. म्हणजे पाया घातलेला होता. त्याच पायावर सक्तीची तपासणी उभारण्याऐवजी १९९७ साली भारत माहिती-तंत्रज्ञानाच्या जागतिक व्यापार करारात सामील झाला, आणि २००५ पर्यंत संगणक व दूरसंचाराच्या बहुतेक वस्तूंवरील आयातशुल्क शून्यावर आणले गेले. परदेशी मालाला दार सताड उघडले गेले. उंबऱ्यावर पहारेकरी बसवायला त्यानंतर सात-आठ वर्षे लागली, आणि तोही अर्धवट.

युरोपने काय केले? १ जानेवारी १९९६ पासून विद्युतचुंबकीय सुसंगततेची अट तेथील संपूर्ण बाजाराला बंधनकारक झाली. तिची पूर्तता केल्याविना भारतीय माल तेथे विकता येत नाही. तेथील ‘सीई’ चिन्ह हेही बहुतांश वस्तूंवर उत्पादक स्वतःच लावतो, ही गोष्ट आपल्याकडील ग्राहकाला क्वचितच ठाऊक असते. तो त्या चिन्हाला युरोपीय सरकारची मोहोर समजतो. पण तेथे कायद्याची मर्यादा तरी आहे, आणि ती मोडल्यास माल परत बोलावला जातो.

सक्ती म्हटली की इन्स्पेक्टर राजची ओरड सुरू होते. या ओरडीतला एक भाग खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पुण्या-ठाण्याकडे पाच-पन्नास कामगारांनिशी नियंत्रक पेट्या किंवा वीजपुरवठा संच बनवणाऱ्या लहान कारखान्याला चाचणीचा खर्च खरोखरच जड जातो. एका चाचणीत माल नापास झाला की रचना बदलून पुन्हा शुल्क, पुन्हा महिनोन्‌महिने रांग. मोठ्या परदेशी कंपनीच्या हिशेबात हा खर्च दिसतही नाही. म्हणून सक्ती नको, हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. सार्वजनिक प्रयोगशाळा वाढवा, लहान उत्पादकाला रचना करतानाच तेथील तज्ज्ञांचा सल्ला आणि सवलतीचे दर द्या, हा त्यावरचा इलाज होय.

शेवटी एका गोष्टीकडे कोणतीही प्रयोगशाळा पाहत नाही. चाचणीत उपकरणाला उत्तम अर्थिंग दिलेले असते. धातूच्या पेटीच्या संगणकात गोंगाट दाबणारे कपॅसिटर पेटीशी जोडलेले असतात आणि त्यांतून अर्थच्या तारेत अल्प प्रवाह सतत वाहत असतो. मानकाने त्याला साडेतीन मिलिअँपिअरपर्यंत मुभा दिलेली आहे. अर्थिंग तुटलेले असले तर त्या पेटीवर सुमारे ११५ व्होल्टचा दाब उभा राहतो आणि हात लागताच झिणझिण्या येतात. एकट्या संगणकाचे भागून जाते. परंतु जिल्हा परिषदेच्या शाळेत तुटक्या अर्थच्या एकाच तारेवर वीस संगणक जोडले, आणि प्रत्येकाचा प्रवाह एक-दीड मिलिअँपिअरच धरला, तरी एकूण वीस ते तीस मिलिअँपिअर होतात, आणि ही मजल जिवाला धोका असलेल्या हद्दीत जाते. अर्थिंग शाबूत असेल तेथे तीस मिलिअँपिअरला तुटणारे संरक्षक स्विच याच गळतीने पुन्हा पुन्हा पडतात, म्हणून वैतागलेला वायरमन ते वगळून जोडणी करून देतो. प्रत्येक संगणक चाचणीत उत्तीर्ण. सगळे मिळून मात्र अनुत्तीर्ण.

ग्राहकाच्या जागेत अर्थिंगचे टोक पुरवण्याची जबाबदारी १९५६ च्या भारतीय वीज नियमांनीच पुरवठादारावर टाकली होती, आणि २०१० च्या नियमावलीतही ती कायम राहिली. किती चाळींत, किती झोपडवस्त्यांत, किती शाळांत ते टोक प्रत्यक्ष आहे, याची पाहणी वीज कर्मचाऱ्यांच्या आणि शिक्षकांच्या संघटनांना गावोगाव करता येईल. त्यासाठी एक साधा मोजणी संच आणि एक दुपार पुरते.