नाचायला जागा द्या, रक्तही तपासा : ज्येष्ठ महिलांचे मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, महानगरपालिका

विषय : साठीपुढील महिलांसाठी नृत्यव्यायाम व रक्ततपासणीची सोय करणेबाबत

महोदय,

मंगळागौरीला झिम्मा-फुगडी खेळणाऱ्या आम्ही बायका श्रावण सरला की पुन्हा घरात बसतो. हा खेळ व्यायाम म्हणून वर्षभर चालावा, अशी आमच्या संघाची मागणी आहे.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढू लागते. नाचताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. नियमित व्यायामाने साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) व ट्रायग्लिसराइड उतरायला मदत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांपुढील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकदीचा सराव सुचवला आहे. ताल धरून पावले टाकण्यात दम आणि तोल दोन्ही साधतात.

मात्र नाचून हिमोग्लोबिनची तूट भरत नाही. ते १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर लोह कमी की बी-१२, हे आधी शोधावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. पण ती मोजणी १५ ते ४९ वयाची. पन्नाशीपुढच्या बाईचे हिमोग्लोबिन त्यात मोजलेच नाही.

म्हणून आमच्या मागण्या :

१. प्रत्येक प्रभागातील समाजमंदिर आठवड्यातून तीन सकाळी विनाभाडे मिळावे. लग्नसराईतही वेळ रद्द होऊ नये.

२. गुळगुळीत फरशीवर न घसरणारे जाजम, भिंतीला कठडा, खुर्च्या व चालू स्थितीतले स्वच्छतागृह असावे.

३. मानधनावर प्रशिक्षिका नेमावी. गुडघेदुखी असलेल्यांना बसफुगडीऐवजी खुर्चीवरचे प्रकार शिकवावेत.

४. सुरुवातीला व दर सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन, एचबीए१सी व कोलेस्टेरॉलची तपासणी पालिका दवाखान्यात मोफत व्हावी. अहवाल बाईच्या हाती द्यावा.

५. हिमोग्लोबिन कमी आढळल्यास कारण शोधून उपचार व्हावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी वर्गात साखर ठेवावी.

६. अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र तरतूद करावी.

तपासणीशिवाय नाच धोक्याचा ठरू शकतो आणि व्यायामाशिवाय तपासणी नुसता कागद राहते. दोन्ही एकत्र मंजूर करून येत्या अंदाजपत्रकात तरतूद करावी, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
अध्यक्षा व सर्व सभासद, ज्येष्ठ महिला संघ