न लावलेला गांधार

आठवीच्या वर्गात आम्ही ध्वनीचा धडा शिकवत होतो. वडील काय करतात, असे सहज विचारले, तर एक मुलगा मान खाली घालून म्हणाला, "सर, अब्बा शिकलेले नाहीत. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात."

"बेअरिंग गेलं हे त्यांना कसं कळतं?"

"आवाजावरून."

आम्ही पुस्तक मिटले आणि वर्गाला मिरजेची गोष्ट सांगितली.

मिरजेत सतार-तंबोरे घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी हात वाद्यांकडे वळवला. 2024 साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्यात बहुधा एक तार पंचमाची, दोन षड्जाच्या, एक खर्जाची. गांधाराची तार नसतेच. तरी शांतपणे ऐकले की गांधार ऐकू येतो. कुठून? तार नुसती पूर्ण लांबीने हलत नाही. तिचे दोन, तीन, चार, पाच भागही त्याच वेळी हलतात. खर्जाची तार सेकंदाला 120 वेळा हलत असेल, तर 240 आणि 480 हे षड्ज, 360 हा पंचम आणि 600 हा गांधार. सूर जुळतात ते या सरळ पटींमुळे. पेटीत मात्र सप्तकाचे 12 सारखे भाग पाडलेले असतात, म्हणून तिचा हाच गांधार 605 च्या आसपास जातो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला पाचेक हेलकावे उठतात. तयार कानाला खुपते ते हेच.

हे वरचे सूर खुलतात जवारीने: घोडीचा किंचित गोलावा आणि तारेखालचा सुती दोरा. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली या करामतीवर शास्त्रीय निबंध लिहिला. कारागीर त्याच्या कितीतरी आधीपासून घोडी घासत, दोरा केसभर सरकवत, कानाने तेच साधत होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुती मोजायला निघाले, तेव्हा त्यांनीही आधार घेतला तो उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा.

त्या मुलाला आम्ही घरचा अभ्यास दिला: अब्बांना विचारून लिहून आण. दुसऱ्या दिवशी वहीत होते, "चांगलं बेअरिंग एकाच सुरात गुणगुणतं. घिसलेलं खरखरतं, आणि खरखर वाढायच्या आत मोटार थांबवावी लागते." या वेळी त्याची मान वर होती.

वाचकहो, घरातल्या कसबी माणसाला मुलांसमोर 'अनपढ' म्हणू नका. विज्ञानाचा पहिला धडा कदाचित त्याच्याच कानात असेल.