आमची पोरे भरतीपुरतीच धावणार काय?

पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर जाऊन पाहावे. रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून पोरे धावताना दिसतात. अंगात बनियन, पायात कोणाच्या तरी उतरलेल्या बुटांचा जोड. एखादा मित्र मोटारसायकलवर मोबाइलचे घड्याळ धरून बसलेला. बहिणीबरोबर भाऊ आलेला, कारण अंधारात मुलीला एकटीला सोडवत नाही. या पोरांत आपल्या वस्तीतली पोरे किती आहेत, हे चळवळीतल्या माणसाला सांगण्याची गरज नाही. त्यांना विचारा, 'सोळाशेला किती लागतात?' ती सेकंदासकट सांगतील. मग विचारा, 'दहा किलोमीटरची वेळ किती?' उत्तर येत नाही. कारण ते अंतर 'ग्राउंड'ला नाही. जे ग्राउंडला नाही, ते धावायचे कशाला?

या न आलेल्या उत्तराबद्दल आम्हाला लिहायचे आहे.

शहरांमध्ये आता रस्त्यावरच्या शर्यतींचे मोठे पेव फुटले आहे. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि बघता बघता जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत शर्यती पोहोचल्या. त्यात धावणाऱ्या हजारोंपैकी पहिला येण्याची आशा फारच थोड्यांना असते. बाकीचे धावतात ते स्वतःच्या मागच्या वेळेशी. आजवरच्या आपल्या सर्वांत चांगल्या वेळेला ते 'पर्सनल बेस्ट' म्हणतात. छातीवरच्या क्रमांकाला चिप असते. गर्दीत मागे उभे राहिले तरी स्वतः आरंभरेषा ओलांडल्यापासूनची वेळ मोजली जाते. पुढे कोण उभा होता, मागे कोण, याचा त्या आकड्याशी संबंध नाही. ज्या समाजव्यवस्थेने माणसाची किंमत तो कोणाच्या खाली आहे यावरून ठरवली, त्या व्यवस्थेत जन्मलेल्या माणसाला हा हिशेब नवाच आहे. येथे तुलना फक्त कालच्या स्वतःशी.

पण हा हिशेब आज कोण मांडतो? ज्याला हजाराच्या पुढे गेलेले प्रवेशशुल्क परवडते तो. ज्याला रविवारी सुट्टी असते तो. कार्बनची पट्टी घातलेले बूट वीस हजारांच्या घरात जातात. तेवढ्यात आमच्या वस्तीतल्या पोराचा वर्षाचा खुराक निघेल. ज्यांनी रस्ते बांधले, झाडले, खडी फोडली, त्यांची पोरे शर्यतीच्या दिवशी पाण्याच्या टेबलामागे उभी असतात आणि फेकलेले पेले गोळा करतात.

आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, हे श्रीमंतांचे चोचले आहेत, पोटाची भ्रांत असलेल्या समाजाने त्यात पडू नये. आम्हाला हे म्हणणे मान्य नाही. धावणे आम्हाला नवे नाही. आमचे पूर्वज पिढ्यान्पिढ्या धावले. गावात कोणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा कोणी न्यायचा? महाराने. सरकारी टपाल पुढच्या गावी कोणी पोहोचवायचे? महाराने. साहेबाची स्वारी आली की तिच्यापुढे कोणी पळायचे? महाराने. ऊन, पाऊस, रात्र काही पाहायचे नाही, आणि मोबदल्यात शिळी भाकरी. ही धाव मोडण्यासाठी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. ज्या रस्त्याने सांगावा घेऊन पळायचे, तो रस्ता तरी आपला होता काय? 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ सालच्या भाषणात बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे, की पेशवाईत सवर्ण येत असेल तर त्याच्यावर सावली पडू नये म्हणून अस्पृश्याला सार्वजनिक रस्ता वापरण्याची मुभा नव्हती. पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके. त्या माणसाच्या वंशजाने त्याच रस्त्याच्या मधोमध, पोलिसांनी वाहतूक थांबवलेली असताना, कोणाचाही निरोप न घेता, केवळ आपल्या पायांचे सामर्थ्य पाहण्यासाठी धावावे, याला चोचले म्हणायचे काय?

आता एका धावपटूची गोष्ट पाहू. अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव. आई-वडील वीटभट्टीवर राबणारे, शाळा सहा किलोमीटरवर. बारावीनंतर पोरगा सैन्यात गेला, आणि गेला तो ५ महार रेजिमेंटमध्ये. तो कोणत्या जातीचा, हे आम्ही विचारत नाही आणि वाचकांनीही विचारू नये. या रेजिमेंटमध्ये आज सर्व समाजांची मुले आहेत. पण ही रेजिमेंट कशी उभी राहिली, हे मात्र विचारले पाहिजे. इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास 'लढवय्या जाती'चे थोतांड पुढे करून महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले, शिवराम जानबा कांबळ्यांनी केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली आणि गरज संपताच मोडली. शेवटी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सुभेदार रामजींच्या मुलाने मिळवलेल्या त्या दारातून मांडव्याचा पोरगा आत गेला.

तो सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला, सिक्कीमला राहिला. २०१५ मध्ये क्रॉस कंट्रीसाठी धावू लागला. पुढे त्याचे वजन वाढले होते. अमरीश कुमार या प्रशिक्षकांच्या हाताखाली त्याने ते उतरवले. २०१८ साली भुवनेश्वरला त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमधला गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर स्वतःचाच विक्रम तो पुन्हा पुन्हा मोडत गेला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद, सुवर्णपदक हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद.

आणि मध्ये एक रस्त्यावरची शर्यत. २९ नोव्हेंबर २०२०, कोरोनाचा काळ, दिल्ली अर्धमॅरेथॉन. हे त्याचे अंतर नव्हेच. तरीही २१.०९७५ किलोमीटर तो १ तास ३० सेकंदांत धावला आणि तो राष्ट्रीय विक्रम ठरला. प्रस्थापित वर्तमानपत्रांनी खेळाच्या पानावर बातमी दिली आणि विषय संपवला. आमच्या वस्तीतल्या पोरांना ती वेळ त्यांच्या भाषेत सांगायची तर अशी : अलीकडच्या पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटरचे पूर्ण २० गुण मिळवायला ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यावे लागते. साबळेने ते १६०० मीटर साधारण ४ मिनिटे ३५ सेकंदांत कापले, आणि एकदा नव्हे, न थांबता तेराहून अधिक वेळा.

हे कशामुळे घडले? अंगातल्या गुणामुळे, हे खरेच. पण तेवढ्यानेच घडले असते तर सहा किलोमीटर पायी शाळेत जाणारी आष्टी, पाटोद्याची निम्मी पोरे विक्रमवीर झाली असती. सैन्याने त्याला दोन वेळचे पोटभर जेवण दिले, बूट दिले, प्रशिक्षक दिला, पगार चालू ठेवून सरावाला वेळ दिला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्षे दिली. भरती आणि पहिला राष्ट्रीय विक्रम यांच्यात चार वर्षांहून जास्त काळ गेला. २०२२ पासून अग्निपथ योजनेत शिपायाची भरती चार वर्षांसाठी होते आणि त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच मुलांना पुढे कायम करण्याची तरतूद आहे. सियाचीनहून परतलेला, कुठलेही पदक नसलेला, वजन वाढलेला शिपाई चौथ्या वर्षाच्या अखेरीस कोणाच्या यादीत बसला असता, याचा विचार ज्याने त्याने करावा.

भरतीची प्रकरणे घेऊन आमच्याकडे मुले येतात. कोणाचा अर्ज जातपडताळणीत अडकलेला, कोणाची उंची एका ठिकाणी बसली आणि दुसऱ्या ठिकाणी बसली नाही. बहुतेकांची गोष्ट एकच असते. पाच-सहा वर्षे रोज पहाटे 'रनिंग मारले', वयोमर्यादा संपली आणि दुसऱ्या दिवसापासून बूट खुंटीला टांगले. पंचविशी-तिशी म्हणजे लांब पल्ल्याच्या धावपटूचे उमेदीचे वय. त्याच वयात आमचा पोरगा धावणे सोडतो आणि पोट सुटलेला एखादा साहेब धावायला लागतो! बार्टीमार्फत भरतीपूर्व प्रशिक्षण होते, ते चांगलेच आहे. पण तेही सोळाशे मीटरवर थांबते. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटरच्या चाचणीत तरुण धावता धावता कोसळून मेले. नोकरीसाठी जीव तोडून एकदाच धावणे आणि शरीर ओळखून वर्षानुवर्षे धावणे, यातला फरक त्या पोरांना कोणी शिकवलाच नव्हता.

कायद्याची एक बाजूही पोरांनी लक्षात ठेवावी. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. परंतु खासगी कंपनीने भरवलेल्या मॅरेथॉनचे पदक तेथे चालत नाही. मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतले प्रावीण्य लागते आणि त्या प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणून रस्त्यावर चांगली वेळ देणाऱ्या मुलाला जिल्हा अॅथलेटिक्स संघटनेच्या क्रॉस कंट्रीपर्यंत, पाच आणि दहा हजार मीटरच्या निवड चाचणीपर्यंत नेऊन पोहोचवणारा माणूस लागतो. हे काम कार्यकर्त्याचे आहे. मोर्चाला शंभर पोरे गोळा करणाऱ्याला चार पोरे घेऊन जिल्ह्याला जाणे कठीण नाही.

आमची सूचना साधी आहे. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा थोडा भाग काढून प्रत्येक तालुक्यात वर्षातून एक शर्यत भरवावी : पाच आणि दहा किलोमीटर, प्रवेश मोफत. मात्र ती १४ एप्रिलला नको. विदर्भ-मराठवाड्यात त्या दिवसांत सकाळी आठलाच ऊन चटकते. वेळ तर बिघडतेच, एखादा पोरगा आडवाही व्हायचा. २६ नोव्हेंबरचा संविधान दिन थंडीत येतो, तो घ्यावा. मुलींसाठी ३ जानेवारी, सावित्रीमाईंची जयंती. सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, हे त्या दिवशी मुलींना सांगावे. पहिल्या तिघांना ट्रॉफी दिली नाही तरी चालेल, पण शेवटच्या मुलापर्यंत प्रत्येकाला त्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी मिळालीच पाहिजे. पुढच्या वर्षी तो ती घेऊन येईल.

अंतर मोटारसायकलच्या मीटरवर मोजू नये, ते चुकते. सायकलच्या चाकाला खूण करून एका फेऱ्याची लांबी टेपने मोजावी आणि फेरे मोजत रस्त्याच्या कडेने जावे. दोघांनी वेगवेगळे मोजून ताडून पाहावे. पोलीस ठाण्याला अर्ज महिनाभर आधी द्यावा, पोचपावती घ्यावी, रुग्णवाहिकेसाठी ग्रामीण रुग्णालयाला पत्र द्यावे. ज्या मंडळांना येत्या संविधान दिनी हे करायचे आहे, त्यांनी वर्षावास संपण्याची वाट पाहू नये. रस्ता आताच मोजून ठेवावा, म्हणजे पोरांना त्याच अंतरावर दोन-तीन महिने सराव करता येईल.