कुलूप बदलायचं, पण नक्की कुठलं?

जुनी गाडी रिस्टोर करायला काढली की घरातले सगळे इंजिन, रंग आणि क्रोमवरून भांडतात. दाराच्या कुलपावरून कोणी भांडत नाही. ते गॅरेजवाला ठरवतो, आणि त्याचं उत्तर पाठ असतं : "जुनं काढून टाका ताई, सेंट्रल लॉकिंग बसवून देतो, रिमोटवर उघडेल!" मला या वाक्याचा भयंकर राग येतो. का येतो, ते सांगायला हा लेख. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी तपासलेत. कुलपाबद्दलची मतं मात्र माझीच!)

निमित्त आमच्या मामाच्या फियाटचं. गाडी १९७४ची. १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आलेल्या या गाडीला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव १९७४मध्येच मिळालं. मुंबईकरांना ही ओळख करून द्यायची गरज नाही, काळी-पिवळी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. तेव्हा भंगारातून अस्सल पार्ट मिळण्याचा झराही हळूहळू आटणार, हे उघड आहे. म्हणजे आज कुणी जुनं कुलूप काढून टोपलीत टाकलं, तर ते परत मिळेलच असं नाही.

आता मुद्दा. आपण 'लॉक' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या वस्तूंची खिचडी करतो. एक म्हणजे किल्ली जिथे घालतो ती नळी, सिलिंडर. दुसरी म्हणजे दाराच्या कडेला असलेला लॅच. तो दरवाजाच्या खांबावरच्या स्ट्रायकरला धरून ठेवतो. सिलिंडर चोरासाठी, लॅच आत बसलेल्यांसाठी. माझं म्हणणं एवढंच : सिलिंडर शक्यतो बदलू नका, आणि लॅचच्या बाबतीत शक्यतो भावनिक होऊ नका. आपल्याकडे होतं नेमकं उलटं!

आधी सिलिंडर. जुन्या गाड्यांच्या सिलिंडरमध्ये साधारणपणे चपट्या पितळी पट्ट्या असतात, प्रत्येकीखाली एक बारीक स्प्रिंग. बरोबर किल्ली गेली की सगळ्या पट्ट्या एका पातळीत येतात आणि नळी फिरते. पन्नास वर्षं किल्ली आत-बाहेर झाली की पट्ट्या आणि किल्ली दोन्ही झिजतात. मग शेजाऱ्याच्या किल्लीनेही दार उघडतं, किंवा आपल्या किल्लीनेही उघडत नाही. लोक म्हणतात, "कुलूप गेलं." अहो, कुलूप कुठे गेलं? पाच-सहा पट्ट्या गेल्या! सिलिंडर काढा, रॉकेलमध्ये भिजवा, स्प्रिंग आणि पट्ट्या बदला. नंतर तेल ओतू नका, तेलाला धूळ चिकटते. ग्रॅफाइटची पावडर पुरते. आणि झिजलेल्या किल्लीवरून नवी किल्ली करू नका, झिजेचीच कॉपी होते. नळीवर किंवा हँडलच्या आतल्या बाजूला कोड नंबर कोरलेला सापडतो का, ते आधी बघा.

कोड नसेल तर रस्त्यावरचा चावीवाला गाठा. तो कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काळी करतो, कुलपात घालून हलकेच फिरवतो, बाहेर काढून काजळीवर उमटलेल्या खुणा वाचतो आणि तेवढ्याच जागी कानस मारतो. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. आम्ही मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला व्हर्नियर घेऊन जे करतो, ते हा माणूस फुटपाथवर बसून नुसत्या डोळ्यांनी करतो. त्याला व्हायव्हा नसते म्हणून, नाहीतर आउट ऑफ मार्क्स!

मामाचा आक्षेप रास्त होता. "गाडी चोरीला गेली तर तुझ्या पितळी पट्ट्या काय चाटायच्यात?" पण पद्मिनीच्या पुढच्या दाराला ती छोटी त्रिकोणी काच असते ना, चोराला ती पुरते. तिथून हात घातला की झालं. बाहेर कितीही भारी सिलिंडर लावलं तरी गाडी तेवढीच सुरक्षित राहणार. त्यापेक्षा बॅटरीला एक लपवलेला कट-ऑफ स्विच लावा. स्वस्त, आणि पत्र्याला भोक नाही.

सेंट्रल लॉकिंगची मोटर दाराच्या आत बसते, बाहेरून काही दिसत नाही, हे कबूल. पण रिमोटचा रिसिव्हर सतत थोडा थोडा करंट खातो. विंटेज गाडी महिना महिना उभी असते. बॅटरी उतरली की रिमोट गप्प. अशा वेळी किल्लीचं भोकच वेल्डिंग करून बुजवलेलं असेल ('स्मूथ लूक' म्हणे!), तर स्वतःच्याच गाडीत शिरायला काच फोडायची का?

शिवाय कायदा आहे. २०२१मध्ये केंद्राने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये बदल केलेला नको. मग नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. दाराचा पत्रा कापून नवं हँडल बसवणाऱ्याने हा वाद स्वतःच ओढवून घेतलेला असतो. आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवायचीच नाही, रॅली-प्रदर्शनासाठी काढायची. मग रिमोट हवाय कशाला, भाजी आणायला?

आता लॅच, आणि इथे मी बरोबर उलट बोलणार आहे. इथे 'ओरिजिनल आहे हो' हे कौतुक बंद. पद्मिनीच्या आधीची 'डुक्कर फियाट' आठवा. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या. चालत्या गाडीत तसलं दार सुटलं, तर वारा ते बंद करत नाही, ताडकन उघडतो. माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून फोर्डने १९५६च्या मॉडेलमध्ये खास सेफ्टी लॅच दिले. अमेरिकेत १९६८पासून कारच्या लॅचसाठी सरकारी मानक आलं. पूर्ण लागलेल्या लॅचने लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन सोसायचे, म्हणजे अकराशे किलोंहून जास्त! झिजलेल्या दातांना हे कुठून झेपणार?

तपासणी सोपी आहे. दार हळू लोटा. आधी अर्धवट 'टक्', मग पूर्ण 'टक्' असे दोन टप्पे जाणवतात का? बंद दार आतून ढकललं की खडखडतं का? पण लॅचला शिव्या देण्याआधी दार उघडून दोन्ही हातांनी वर उचलून पाहा. हललं तर दोष बिजागरीच्या पिनचा. दार खाली आलंय, म्हणून लॅच स्ट्रायकरवर नीट बसत नाही. आधी पिन, मग स्ट्रायकर, शेवटी लॅच. दात झिजलेले असतील तर त्याच मॉडेलचा चांगला लॅच शोधा; मूळ बोल्टच्या भोकांत बसतो, पत्रा कापावा लागत नाही. दातांवर वेल्डिंगचे थर चढवून देणारे महाभाग भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार. चालू कुलपाची चार पैशांची बचत आणि चालत्या गाडीत उघडलेलं दार, हा हिशेब मला तरी जमत नाही.

काढलेले जुने भाग फेकू नका. पिशवीत घालून चिठ्ठी लावा : कुठलं दार, डावं की उजवं, काढल्याची तारीख. मामाकडे अशा तीन पिशव्या झाल्यात आणि मामीने, आश्चर्य म्हणजे, त्यांना माळ्यावर जागा दिली आहे.