ओझे कोणाचे?

चंद्रपूर जिल्ह्यातील खुल्या कोळसा खाणींत कोळशाच्या थरावरील माती, मुरूम व खडक यांना मिळून एकच नाव आहे : ‘ओव्हरबर्डन’. म्हणजे वरचे फालतू ओझे! ज्या काळ्या जमिनीने पिढ्यान् पिढ्या कापूस आणि तूर पिकवली, ती कंपनीच्या परिभाषेत कोळशाच्या छातीवर बसलेली बला ठरते. आणि मग त्याच ओझ्याचे डोंगर इरईच्या काठी रचले जातात. ज्याची जमीन गेली तो ‘लँड लूजर’. बाजारात पाकीट हरवावे तशी जणू त्याने ती हरवली! घेणारा कोण, याचा त्या शब्दात पत्ताच नाही.

ही भाषा एखाद्या खाजगी भांडवलदाराची असती तर नवल नव्हते. पण वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी आहे. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याचे आपण समाजवाद्यांनी स्वागत केले. मालक बदलला, शब्दकोश मात्र तसाच राहिला. (परिभाषेचा मोह आपल्यालाही थोडा होताच.) आता मागणी एवढीच : भूसंपादनाच्या प्रत्येक कागदावर ‘जमीन घेतली’ असे सरळ मराठीत लिहा, आणि घेणाऱ्याचे नाव घाला.