बदाम किती खायचे?

विद्यापीठातल्या स्मृती आणि अवधान यांवर संशोधन करणाऱ्या लॅबमध्ये मी काम करते असं सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. बदाम भिजवून खायचे की तसेच? ब्राह्मीचा खरंच उपयोग होतो का? आमच्या चिरंजीवांचं अभ्यासात लक्ष लागत नाही, काही व्यायाम वगैरे असतात का? इथे इंग्लंडात मराठी मंडळींच्या जेवणावळीत हे विचारलं जातं आणि गोऱ्या शेजाऱ्यांकडूनही. त्यांच्याकडे बदामाच्या जागी माशाचं तेल आणि शब्दकोडी असतात, एवढाच फरक.

लॅब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय काय येतं देव जाणे. प्रत्यक्षात आमच्याकडे बिनखिडकीच्या चार लहान खोल्या आहेत. आत खुर्ची, संगणक आणि पडद्याच्या मधोमध अधिकचं चिन्ह. त्या चिन्हावर नजर ठेवायची, ठरलेलं अक्षर दिसलं की बटण दाबायचं. असं पाच-सहाशे वेळा. पहिल्या वर्षाची मुलं क्रेडिटसाठी येतात आणि मधूनच पेंगतात (अवधानाच्या प्रयोगात!). मेंदूच्या विद्युतलहरी मोजायच्या असल्या तर डोक्यावर टोपी चढवून प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल भरायची. येताना केसांना तेल लावू नका, ही सूचना आमच्या आजीला पटवणं मला जन्मात जमलं नसतं.

वर्षातून एकदा आम्ही लोकांसाठी दारं उघडतो. त्या दिवशीचा हुकमी एक्का म्हणजे गोरिला. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा १९९९ सालचा प्रयोग तुम्हीही पाहिला असेल. काही जण एकमेकांकडे चेंडू टाकत असतात, पांढऱ्या शर्टवाल्यांनी किती वेळा टाकला ते मोजायचं. मध्येच गोरिलाच्या वेषातली व्यक्ती येते, छाती बडवते आणि निघून जाते. मोजणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती दिसतच नाही. आता हा प्रकार इतका माहीत झालाय की लोक गोरिलाची वाट बघतच बसतात. सायमन्स यांनी त्यावरही २०१० मध्ये तोड काढली. नव्या फिल्ममध्ये पडद्याचा रंग बदलतो, एक खेळाडू निघून जातो आणि गोरिला शोधणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते कळत नाही.

हशा होतो, मुलं फुगे घेतात, दाराशी किती माणसं आली याची नोंद होते. लोक "मेंदू कसा गमतीदार असतो ना" म्हणत घरी जातात. माझा आक्षेप नेमका इथे आहे. आमच्याकडे देण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट आम्ही जादूचा प्रयोग म्हणून दाखवतो आणि पुढचं बोलायचं टाळतो.

स्मरणशक्ती वाढवून देणं आमच्या हातात फारसं नाही. मेंदूचे खेळ खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो. त्याने रोजच्या जगण्यातली स्मरणशक्ती सुधारते याचा पुरावा फारच तोकडा आहे. २०१६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'ल्युमॉसिटी'च्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या असल्याचा आरोप ठेवला आणि कंपनीने २० लाख डॉलर भरून तडजोड केली. पण आठवण कशी बनते आणि कशी बिघडते, हे आम्हाला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली १५० विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या पन्नासांना 'लागल्या'ऐवजी 'जोरात आदळल्या' अशा अर्थाचा शब्द वापरून. उरलेल्या पन्नासांना वेगाचं काही विचारलंच नाही. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिलीत? फिल्ममध्ये काच नव्हतीच. 'लागल्या'वाल्यांपैकी ७ जणांनी हो म्हटलं, 'आदळल्या'वाल्यांपैकी १६ जणांनी. एका क्रियापदाने एवढं होत असेल, तर पोलिस चौकीत चार तास बसवलेल्या साक्षीदाराचं काय होत असेल?

पुण्याचं उदाहरण मला कधी सोडून जात नाही. २००८ साली तिथल्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात शिक्षा सुनावताना 'ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर' या चाचणीचाही आधार घेतला. आरोपीला टोपी घालायची, घटनेबद्दलची वाक्यं ऐकवायची आणि मेंदूच्या लहरींवरून ठरवायचं की ही तिच्या स्वतःच्या अनुभवाची आठवण आहे. टोपी साधारण आमच्यासारखीच. खटल्यात इतर पुरावेही होते आणि त्या खटल्याचा निकाल मी इथे लावत नाही. पण स्वतः केलेली गोष्ट आणि तपासात पुन्हा पुन्हा ऐकलेली गोष्ट यांतला फरक ही चाचणी ओळखते, याला स्वतंत्र संशोधकांनी तपासलेला भक्कम आधार तेव्हा प्रसिद्ध झालेला नव्हता. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्या सक्तीने करायला मनाई केली. सक्तीला आळा बसला, पण टोपीवरचा विश्वास काही त्याने कमी होत नाही.

इथल्या न्यायालयांत, आरोपीची ओळख हाच वादाचा मुद्दा असला की, न्यायाधीश ज्यूरीला बजावतात की चुकलेला साक्षीदारही अगदी खात्रीलायक वाटू शकतो. सत्तरच्या दशकातल्या टर्नबुल खटल्यापासूनची ही पद्धत. म्हणजे सांगितलं तर ऐकतात लोक!

लॅबमधल्या एका सहकारीबाईंना हे सगळं धोक्याचं वाटतं. त्यांचं म्हणणं, स्मृती कच्ची असते असं लोकांच्या मनात भरवलंत, तर उद्या अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या बाईलाच वकील म्हणेल, तुझी आठवण खोटी आहे. मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच अर्धवट सांगून भागत नाही. जॉन विक्स्टेड आणि गॅरी वेल्स यांनी २०१७ मध्ये दाखवलं की ओळखपरेड नीट घेतली असेल, तर साक्षीदाराने पहिल्याच वेळी दाखवलेली खात्री बरीच भरवशाची असते. घोळ होतो तो नंतर, वारंवार विचारून, सुचवून, वर्तमानपत्रातला फोटो पाहून. तेव्हा तक्रार करणारीचं म्हणणं पहिल्याच दिवशी, तिच्याच शब्दांत, मध्ये न तोडता नोंदवून घ्या, हेही याच संशोधनातून निघतं. आपल्याकडे जबाब आणि साक्ष यांच्यात वर्षं जातात, तिथे तर फारच गरजेचं.

एवढं सगळं फुग्यांच्या टेबलावर सांगता येत नाही, मान्य. त्यासाठी पोलिस प्रशिक्षणाच्या वर्गात, विधी महाविद्यालयात जावं लागेल. तिथे चाळीस माणसं येतील, फोटो चांगले येणार नाहीत आणि आमच्या वार्षिक अहवालात तो आकडा केविलवाणा दिसेल.

पुढच्या वेळी मला जिन्याजवळचं एक टेबल मिळालंय. अपघाताची फिल्म, दोन रंगांचे कागद, दोन वेगळे प्रश्न. गावातल्या वकिलांच्या संघटनेला पत्र पाठवलंय, अजून उत्तर नाही.